घरी कोण आहे

गुन्हा शाबीत झाल्याचं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं आणि इंद्रभानने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. आता शिक्षा किती, एवढंच उरलं होतं.

वकिलांनी सकाळीच बजावलं होतं, की नव्या कायद्याने साहेब शिक्षेआधी एकदा विचारतात, तेव्हा घरचं गाऱ्हाणं मांडायचं. पण मांडायला तरी काय होतं? बायको कधीच वारली, पोरबाळ नाही. शेलूबाजारजवळच्या गावात एक आंधळी माय, भागिरथा. भाऊ वेगळे निघाल्यापासून ती याच्याचकडे. पुढे दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण पेटलं आणि इंद्रभानने सख्ख्या भावाच्या, पुंजाजीच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. गावाने पाठ फिरवली ती फिरवलीच. जामिनाला कोणी उभं राहिलं नाही. सात महिन्यांत भेटीला चिटपाखरू फिरकलं नाही. माय कोणाच्या हातचं खाते, या काळजीने त्याच्या जिवाचं पाणी झालं होतं.

"शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?" साहेबांनी विचारलं.

"मायले दिसत नाही, साहेब. तिले भाकर देणारा मी एकटाच हाओ. ती हाये तवर घरी जाऊ द्या. मंग कितीबी द्या."

निकालाच्या दिवशी माय सगळ्यांनाच आठवते, असं सरकारी वकील पुटपुटले. साहेबांनी फिर्यादीला पुढे बोलावलं. मागच्या बाकावरून पुंजाजी उठला आणि डोक्या-तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा त्याने सोडला.

डोकं भादरलेलं होतं. टाके घालताना दवाखान्यात केस काढतात खरे, पण त्याला सात महिने झाले. आणि टाक्यांसाठी कोणी मिशी काढत नाही. पुंजाजीची मिशीही उतरवलेली होती.

इंद्रभानचे हात कठड्यावरून सुटले.

"आई आहे का घरी?" साहेबांनी विचारलं.

पुंजाजीने भावाकडे पाहिलं नाही.

"हाये, साहेब. याचीच वाट पाहून राह्यली."

साहेबांनी थोडा विचार केला. मग दहा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली, भोगलेले सात त्यातून वजा. एवढ्यावर भागल्याने इंद्रभानचे वकील खूश झाले. शिपाई इंद्रभानला दंडाला धरून बाहेर घेऊन निघाला, तेव्हा पुंजाजी दाराशी उभा होता.

"कवा?" इंद्रभानने विचारलं.

"बारा दिवस झाले. तू गेल्यापासून माह्याच घरी होती."

इंद्रभानची नजर भावाच्या भादरलेल्या डोक्यावरच्या टाक्यांच्या वणावर गेली. उरलेले तीन महिने त्याला एकाएकी फार थोडे वाटू लागले.