लिंबाचा परदेशी भाव

तेजसची उंची पाच फूट तीन इंच. फैजपुरात ही बातमी कुणाला सांगायला गेलं असतं, तर "बरं, मग?" एवढंच उत्तर मिळालं असतं. पण तेजसला मात्र गेली दहा वर्षं दुसरं काही सुचत नव्हतं. फोटोसाठी तो पायरी शोधायचा, बुटात टाचेखाली रबराची गादी घालायचा, आणि लग्नाच्या माहितीपत्रकात उंचीसमोर 'मध्यम' असं लिहायचा. वय एकोणतीस, जळगावला विमा कंपनीत नोकरी, घरी आठ एकर केळी, आणि माणूस आपला तीन इंचांसाठी झुरत होता.

दिवाळीनंतर धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव ज्योत्स्ना. शेतकीची पदवी घेऊन ती काकांबरोबर फळझाडांची रोपवाटिका चालवत होती. फोटो तेजसला इतका आवडला की त्याने तो फोनमध्ये तीनदा साठवला. मग खालची माहिती वाचली. उंची पाच फूट सात. त्याने लगेच आईला सांगितलं, "पत्रिका जुळत नाही. नाही म्हणून कळव." झुंबरबाईंना नवल वाटलं, कारण त्या घरात आजवर कुणी कुणाची पत्रिका उघडली नव्हती. तरी पोरगा म्हणतो म्हणून त्यांनी तसं कळवलं.

त्यानंतर तेजसने पाय लांब करून घ्यायचं मनावर घेतलं. मांडीचं हाड कापायचं, आत सळई बसवायची आणि रोज एक मिलिमीटर या गतीने हाड ओढत न्यायचं, अशी ती शस्त्रक्रिया. वाचतानाच त्याच्या मांड्या दुखायला लागत. पण गडी हटला नाही. चार देशांतल्या दवाखान्यांना त्याने मेल पाठवले. इस्तंबूलची बाई त्याला 'डिअर तेजस' म्हणून विमानतळावरून न्यायला गाडी पाठवते म्हणायची, दिल्लीचा एजंट 'सरजी, आपके लिए स्पेशल' म्हणायचा, आणि जर्मनीवाले आधी एक्स-रे मागायचे व मग आठवडाभर गप्प बसायचे. सगळ्यांचे आकडे त्याने रुपयांत आणून एका कागदावर उतरवले. वर शस्त्रक्रियेचं इंग्रजी नाव 'लिंब लेंग्थनिंग' लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून नुसतं 'लिंब' लिहिलं. आपल्या या हुशारीवर तो भलताच खूश होता.

कागद असा होता: 'लिंब. अमेरिका ७५ लाख ते सव्वा कोटी. जर्मनी ५५. तुर्कस्तान २५, राहणं-खाणं धरून. दिल्ली १२. वाढ ३ इंच. सळई वेगळी. काढणी वर्षानंतर, तिचे पैसे वेगळे.'

हा कागद शर्टाच्या खिशात राहिला आणि शर्ट धुवायला फैजपूरला गेला. झुंबरबाईंनी तो नवऱ्यापुढे ठेवला. जीवरामभाऊंनी चष्मा लावून तो तीनदा वाचला. त्यांचं सगळं आयुष्य रोज सकाळी केळीचे भाव पाहण्यात गेलेलं. कुठल्या गावाला काय भाव फुटला, यावरून गाडी कुठे लावायची ते ठरवणारा हा माणूस. त्यांना त्या कागदात दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. लिंब म्हणजे लिंबू. सळई म्हणजे झाडाला आधार. काढणी म्हणजे काढणी, आणि ती वर्षानंतरच येते म्हणजे जात नवी असणार. दिल्लीकडे बारा लाखांत होणारा माल अमेरिकेत पंच्याहत्तरला पडतो, म्हणजे इथे पिकवून तिकडे पाठवला की संपलंच! आणि हे सगळं शोधून काढलं कुणी, तर सहा वर्षांत ज्याने शेताच्या बांधावर पाय ठेवला नव्हता त्या पोराने. जीवरामभाऊंना इतका आनंद झाला की ते जेवायचं विसरले.

त्यांनी तेजसला फोन लावला.

"तुह्या खिशातला कागद पाह्यला मी," ते म्हणाले. "मले समदं समजलं."

तेजसच्या तोंडचं पाणी पळालं. "आबा, मी सांगणार होतो तुम्हाला."

"लाजाचं काय त्याच्यात? मी हाये ना तुह्या पाठीमागं. नाल्याकडचं दीड एकर मोकयं करतो मी तुह्यासाठी."

तेजसला वाटलं, आपल्या पायांसाठी हा माणूस जमीन काढायला निघालाय! "जमीन नका विकू आबा. माझ्याकडे चौदा लाख साठलेत."

"इकाचं कोन म्हंतं? मोकयं कराचं म्हंतो मी. तू रईवारी ये. तपासाले मानूस बोलावलं हाये. धुयाहून येऊन राह्यलं."

धुळ्याचा हाडांचा डॉक्टर घरी येऊन तपासतो, हे तेजसला जरा विचित्र वाटलं. पण वडिलांचं मन मोडायला नको म्हणून तो रविवारी सकाळी आपले एक्स-रे घेऊन फैजपूरला हजर झाला.

आबा शेतात आहेत, असं आईने सांगितलं. नाल्याकडच्या तुकड्यात केळीची झाडं छातीएवढी झाली होती आणि दोन महिन्यांत घड बाहेर पडायचे होते. बांधावर जीवरामभाऊ उभे होते, आणि त्यांच्याशेजारी गुडघाभर चिखलात एक मुलगी तपासणीसाठी पिशवीत माती भरत होती. ती उभी राहिली, आणि उभी राहतच राहिली. फोनमध्ये तीनदा साठवलेला चेहरा ओळखायला तेजसला वेळ लागला नाही. त्याने एक्स-रेचं पाकीट पाठीमागे लपवलं.

"ही ज्योत्स्ना," जीवरामभाऊ म्हणाले. "पत्रिका जुयली नाई तं नाई जुयली, पन लिंबातलं हिच्याएवढं कोनाले नाई समजत. मी म्हनलं, बाई, तेवढा सल्ला दे."

"लिंबातलं?" तेजस म्हणाला.

"मंग काय! लिंबू लावाचं नं तुले? उद्या सकायी मजूर सांगून ठेवले हायेत. ही केयी काढून टाकाची."

तेजसला सगळं उलगडलं आणि पायाखालची जमीन सरकली. इतक्यात जीवरामभाऊंनी खिशातून तो कागद काढून मोठ्या अभिमानाने ज्योत्स्नाच्या हातात दिला. तिने वाचला. कपाळाला आठी पडली. पुन्हा वाचला. मग तिची नजर तेजसच्या चेहऱ्यावरून खाली सरकत त्याच्या जाड टाचेच्या बुटांवर आली, पाठीमागच्या पाकिटावर गेली, आणि तिथून परत कागदावर. तिला कळलं हे तेजसला कळलं. आता ही बोलणार आणि आपण इथेच मातीत गाडले जाणार, अशी त्याची खात्री झाली.

"काका, हा लिंब मला माहीत आहे," ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. "नाजूक प्रकार आहे. आधी चांगलं उभं असलेलं खोड मधोमध कापावं लागतं."

"कापाचं?" जीवरामभाऊ दचकले. "चांगलं झाड?"

"हो. मग वर्षभर ते धड उभं राहत नाही. रोज ओढत बसायचं. आणि वाढतं किती, तर तीन इंच."

"पण वाढतं ना?" तेजसच्या तोंडून निघून गेलं.

"वाढतं," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "ज्याला खरंच गरज असते, एक फांदी आखूड असते, त्याच्यासाठी चांगलंच आहे ते. पण धडधाकट झाडाला कुणी हे करतं तेव्हा मला त्या झाडाची काळजी वाटते."

जीवरामभाऊंच्या डोक्यावरून हे सगळं गेलं. ते म्हणाले, "नाजूक तं नाजूक. पोराची हौस हाये. सहा वर्सानं त्यानं वावराचं नाव काढलं, आता मी मांगं नाई सरकनार. उद्या केयी निंघनार."

मुलीने वाट काढून दिली होती. लिंबूच आहे म्हणून मान डोलावली असती तर तेजस सुटला असता. पण त्यासाठी दीड एकर केळी जाणार होती, आणि समोर म्हातारा इतक्या आनंदाने उभा होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. तेजसने पाकीट पुढे घेतलं आणि एक्स-रे काढून उन्हात धरला.

"आबा, ते लिंबू नाही. हे आहे. माझे पाय. मला पाय लांब करून घ्यायचे होते. तो सगळा त्याचा खर्च आहे."

जीवरामभाऊंनी एक्स-रेकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि ते बांधावर खाली बसले.

"म्हंजे लिंबू लावाचंच नाई," ते शेवटी म्हणाले. "चार दिवस गावात सांगत फिरलो मी, माह्यं पोरगं वावरात येऊन राह्यलं म्हनून."

तेजसला वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अन् ह्या पायांले काय झालं?" त्यांनी विचारलं. "माह्यासारखेच तं हायेत." त्यांनी आपलं धोतर जरा वर घेऊन स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते स्वतः पाच फूट दोन होते, आणि त्यांना ते आज पहिल्यांदाच आठवल्यासारखं वाटलं.

"तुमच्या पायांना काही झालेलं नाही आबा," तेजस म्हणाला. त्याला रडू येत होतं. "चूक माझ्या डोक्यात होती."

जीवरामभाऊंनी नाक पुसलं. मग सवयीने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. ओठ हलायला लागले. भाव समोर असला की या माणसाला हिशेब केल्याशिवाय राहवत नसे.

"दिल्लीले बारा लाख. तीन इंच. इंचाले चार लाख?"

"हो."

"अन् तू किती इंचाचा?"

"त्रेसष्ट."

ते बोटांवर मोजायला लागले, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळत गेला. "अरे अडीच कोटीच्या वर गेला तू! अन् मी अन् तुह्या मायनं फुकटात उभा केला!" ते मांडीवर थाप मारून असे हसले की नाल्यापलीकडचे बगळे उडाले. "दिल्लीचा भाव धरला हा. अमेरिकेचा तं लावलाच नाई!"

हसतच ते उठले, आणि मजुरांना नको म्हणून सांगायला वस्तीकडे निघाले. जाताना एक्स-रे घेऊन गेले, झुंबरबाईंना दाखवायला.

बांधावर दोघंच उरले. ज्योत्स्ना हाताची माती झटकत होती.

"पत्रिका खरंच जुळत नव्हती?" तिने विचारलं.

"पत्रिका पाहिलीच नव्हती," तेजस म्हणाला. "तुमची उंची वाचली आणि घाबरलो."

"आमच्या घरी तसंच म्हणाले. पत्रिका-बित्रिका काही नाही, मुलगी फार उंच आहे म्हणून नकार आला. तुमच्या आधी चार जणांनी तोंडावर सांगितलं होतं. तुमचा नकार पाचवा. मग मी फोन घेऊन बसले आणि उंची कमी करून देतात का कुठे, ते शोधलं."

दहा वर्षं तेजस स्वतःच्या तीन इंचांची लाज बाळगून होता. या क्षणी जी लाज वाटली तिच्यापुढे ती काहीच नव्हती. आपण भिऊन एक खोटं बोललो आणि धुळ्यात एक मुलगी स्वतःचे पाय कापून घ्यायचा विचार करत बसली. त्याला माफी मागायची होती, पण तोंडून भलतंच निघालं.

"देतात?" त्याने विचारलं.

"देतात. मधला तुकडाच काढून टाकतात हाडाचा. मीही अशीच यादी केली होती, देशवार."

"मग? स्वस्त कुठे पडतं?"

बोलल्यावर त्याने जीभ चावली. ज्योत्स्नाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिने केळीच्या झाडाला धरलं.

"तुर्कस्तान," ती म्हणाली.

मग तोही हसला. इतका मोकळा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता. हसून झाल्यावर तो म्हणाला, "मी चुकलो. मला माफ करा. आणि पुढच्या रविवारी आई-आबांना घेऊन धुळ्याला यायचंय, तुम्हाला रीतसर पाहायला. माझी उंची पाच फूट तीन आहे."

ज्योत्स्नाने मातीची पिशवी उचलून खांद्याला लावली.

"या," ती म्हणाली. "पण या वेळी पाहणार मी, आणि काय ते कळवणारही मीच."

"चालेल," तेजस म्हणाला.