भट्टीकडे पाठ

मुबारकने आणखी दोन लाकडं जाळात सारली. ज्वाळा फरफरल्या आणि अम्रीनच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा खाली उतरला. त्याने तिसरं लाकूड सारलं. आकडा आणखी खाली.

"तुझं यंत्र म्हणतंय भट्टी गार पडतीय," मुबारक म्हणाला. "मग माझ्या भुवया कशानं जळाल्या?"

अम्रीन ओशाळली. पुण्याला तंत्रनिकेतनात तिसऱ्या वर्षाला असलेल्या ह्या पोरीने सरांच्या नाकदुऱ्या काढून डेटा लॉगर दोन दिवसांसाठी भोरला आणला होता. विटेएवढा डबा. त्याला जोडलेल्या थर्मोकपलच्या तीन तारांची टोकं भट्टीत सोडायची, की दर दहा सेकंदांनी तिन्ही ठिकाणचं तापमान तो टिपून ठेवणार. तिने जोडण्या पुन्हा तपासल्या आणि कपाळाला हात लावला. लाल तार अधिकला, हे अब्बांनीच तिला लहानपणी टेम्पोच्या बॅटरीवर शिकवलं होतं. ह्या तारांमध्ये मात्र लाल म्हणजे उणे. तिने जोडण्या उलटवल्या तसा आकडा शहाण्यासारखा वर चढू लागला.

"आता खरं बोलतंय कशावरून?" मुबारकने विचारलं.

अम्रीनने तारांची टोकं थेट अम्मीच्या चहाच्या आधणात बुडवली. तिन्ही आकडे अठ्ठ्याण्णववर येऊन थांबले.

"शंभर पायजेत ना?"

"भोर उंचावर हाय, अब्बा. हितं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं."

"म्हंजे यंत्राला भोर ठावं हाय," अम्रीनची अम्मी सकिना खूश होऊन म्हणाली आणि तारांसकट पातेल्यात चहापत्ती टाकायला निघाली.

मुबारक हसला नाही. त्याला हसू येण्यासारखे दिवसच नव्हते. दिवाळी चार दिवसांवर आली होती. दिवाळीच्या आधी गावोगावच्या बाया आपापला रवा, मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप घेऊन त्याच्या बेकरीत यायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. वडील होते तोवर एक पत्रा करपला नव्हता. यंदाच्या उन्हाळ्यात वडील गेले, पाठोपाठ पावसात जुनी भट्टी खचली. नसरापूरच्या चिमाजी गवंड्याने नवी बांधून दिली, अगदी जुन्याच मापाने. पण ह्या भट्टीत मागचे पत्रे जळत होते आणि दारापाशीचे कच्चे राहत होते. मुबारक दोन महिने चिमाजीच्या नावाने खडे फोडत होता. आपलं पीठ जळलं तर सोसता येतं, दुसरीच्या घरचं तूप जाळून तिला तोंड कसं दाखवायचं? त्याने पुठ्ठ्यावर लिहून टाकलं होतं, 'यंदा नानकटाई भाजून मिळणार नाही.' तो पुठ्ठा दारावर टांगलेला अम्रीनने मागच्या खेपेला पाहिला होता. लॉगर आणला तो त्यासाठी.

तिने एक टोक भट्टीत मागे सोडलं, एक मध्ये, एक दारापाशी. भिंतीला टेकू दिलं नाही, नाहीतर विटेचंच तापमान यायचं. मुबारकने घरच्या पिठाचे पत्रे आत सारले आणि लोखंडी दार लावलं. वीस मिनिटांनी बाहेर काढले. मागचे काळे, पुढचे पांढरेफटक.

"बग," तो म्हणाला. "चिमाजीनं वाटोळं केलं."

अम्रीनने लॉगरमधले आकडे एकेक करून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने मांडले. दारापाशीची रेघ करवतीच्या दातांसारखी निघाली. तिने दात मोजले. अकरा. आणि प्रत्येक दातानंतर मागची रेघ वर चढलेली.

"अब्बा, तुमी दार किती येळा उघडलंत?"

"एकदा. लई तर दोनदा."

"अकरा येळा. दर येळी पुढं गार पडलं म्हनून तुमी लाकूड सारलंत. त्याचा जाळ मागं बसला. भट्टीत खोट न्हाई."

मुबारक कागदाकडे बघत राहिला. एवढ्या वेळा आपण वाकून आत डोकावलो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आमचे अब्बा पत्रे सारून हितं पायरीवर बसायचे," तो हळूच म्हणाला. "भट्टीकडं पाठ करून. मला वाटायचं, कंबर शेकत्यात."

तेवढ्यात डोक्यावर डबा घेऊन पालीच्या रतनबाई येऊन ठेपल्या. मुबारकने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"मला मेलीला कुठं वाचाय येतंय?" रतनबाईंनी डबा उतरवला. "लेकीचा, सोनियाचा पयला दिवाळसण हाय. जावई येनार. चार म्हैनं साय साठवून तूप कढवलंय, मुबारकभाई."

मुबारकने झाकण उघडलं. रवाळ, पिवळंधमक तूप होतं. त्याने झाकण पुन्हा लावलं, लेकीकडे पाहिलं आणि मग उठून बाह्या सारल्या. पीठ मळलं, नानकटाया थापल्या, पत्रे आत गेले, दार लागलं. तो पायरीवर जाऊन बसला, भट्टीकडे पाठ करून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शेजारी रतनबाई जावयाचं कौतुक सांगत होत्या. त्यातला एकही शब्द त्याला कळत नव्हता.

"बगू का?"

"न्हाई, अब्बा," अम्रीन भट्टीपाशी उभी राहून म्हणाली.

वीस मिनिटं झाली. पत्रे बाहेर आले. मागचे, मधले, पुढचे, सगळे एका बदामी रंगाचे. रतनबाईंनी एक नानकटाई फोडून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि अर्धी सकिनाच्या तोंडात कोंबली. मुबारक नुसता उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो धुराला नावं ठेवत होता. मग त्याने पुठ्ठा काढून जाळात टाकला.

अम्रीनने आकडे मांडले. ह्या वेळी रेघा कशा सरळसोट आल्या. फक्त बाराव्या मिनिटाला दारापाशीच्या रेघेत एक बारीकशी खाच होती. अम्रीनने खोडरबर उचललं.

"ऱ्हाऊ दे," मागून मुबारक म्हणाला.

तिने मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"दार करकरलं तवा मला ऐकू आलं हुतं," तो म्हणाला. "पर म्या वळलो न्हाई."

बाहेर विंझरच्या दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मुबारकने त्यांचे पत्रे भरले, आत सारले, दार लावलं आणि पायरीवर जाऊन बसला. मग जरा सरकला आणि शेजारी अम्रीनपुरती जागा केली.