थरावर थर

पेशंट पाठीमागे त्याला कासव म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाकीचे दातांचे डॉक्टर दुपारभरात पाच-सहा जणांना मोकळं करत, तेवढ्यात याचा एक दात भरून व्हायचा. किडलेलं सगळं कोरून काढायचं. लाळेचा थेंबही आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा ताणायचा. मग दाताच्या रंगाचं मऊ कॉम्पोझिट चिमूटचिमूट घालायचं आणि प्रत्येक थरावर निळा दिवा धरायचा. दिवा टीं करून वाजला, की तो थर कडक झाला. मग पुढचा. सगळा खड्डा एकदम भरला तर कॉम्पोझिट आकसतं, कडेला फट पडते आणि तिथून कीड पुन्हा आत शिरते, हे तो प्रत्येकाला ऐकवायचा; समोरच्याला ऐकायचं असो वा नसो. त्या मालाला कोणी सिमेंट म्हटलं तरी त्याला राग यायचा, आणि कोणी घाई केली तर विचारूच नका. "दात म्हणजे काय रस्त्यातला खड्डा आहे? माती लोटली आणि झालं?" एका गृहस्थांचं यापायी विमान चुकलं. ते अजून त्याच्याशी बोलत नाहीत, पण दात शाबूत आहे.

त्याची बायको लग्नानंतर "मदतनीस मिळेपर्यंत" म्हणून त्याच्या शेजारी उभी राहिली होती. मदतनीस काही मिळाली नाही, कारण दोघांनी ती कधी शोधलीच नाही. त्याचा हात पुढे आला की हवं ते हत्यार न सांगता त्यात पडायचं. तिचा दुसरा हात घाबरलेल्या पेशंटच्या खांद्यावर असायचा. नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती पेशंटकडे बघून डोळे मिचकावायची, आणि आ वासून पडलेला माणूससुद्धा हसायचा.

अलीकडे ती दवाखान्यात येत नव्हती. पोटात दुखतं म्हणून तपासण्या झाल्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून बाप-लेकीला आत बोलावलं. आजार यकृतात पसरला होता. दुखणं कमी करता येईल, बाकी काही हातात नाही, दोन-तीन महिने धरून चला, असं ते म्हणाले. बाहेर येताना लेकीने बापाचं मनगट घट्ट धरलं. "बाबा, आईला आत्ता नको. अंगात जरा ताकद येऊ दे, मग सांगू." तो हो म्हणाला. ताकद येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

तेव्हापासून तिला "आतली सूज उतरायची औषधं" चालू होती. रोज सकाळी तो चेहऱ्यावरची माशी हलू न देता तिच्यासमोर चहा प्यायचा, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचा, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचा. उरलेले दिवस तिला निर्धास्त जावेत एवढंच त्याला हवं होतं. आपल्या एखाद्या शब्दातून तिला कळेल, या धास्तीने त्याने बोलणंच कमी केलं होतं.

अशात पावाची कड चावताना तिची दाढ तुटली. आधीच मोजके घास पोटात जायचे, तेही बंद झाले.

दुपारी त्याने दवाखाना रिकामा ठेवला; लेकीने आईला आणून सोडलं आणि स्वतः औषधं आणायला गेली. बायको हळूहळू खुर्चीवर चढली. "इतकी वर्षं या खुर्चीशेजारी उभं राहून पाय मोडले. बसायला मिळालं एकदाचं." तो हसला. त्या खुर्चीत ती इतकी लहान दिसत होती की त्याला तिच्याकडे बघवेना.

दाढेची आतली भिंत कोसळली होती. त्याने भूल दिली, किडलेलं कोरून काढलं. तिने डोळे मिटले होते. गळ्याजवळची हाडं वर आली होती. एवढा वेळ तोंड उघडं कसं ठेवेल ही, असं त्याच्या मनात आलं. रबर राहू दे. त्याने गालात कापूस ठेवला, दात कोरडा केला, माल चिकटून बसावा म्हणून बाँड लावला, आणि सगळा खड्डा एका गोळ्यात भरून वर दिवा धरला. दिवा वाजला. निळा कागद चावायला देऊन त्याने उंचवटे घासले, पॉलिश केलं. काम झटपट उरकलं. तिला त्रास झाला नाही याचं त्याला बरं वाटलं. दया होतीच त्यात. पण दयेच्या खाली आणखी एक विचार होता, आणि तो त्याने स्वतःलाही नीट ऐकू दिला नव्हता: तेवढे दिवस टिकलं तरी पुष्कळ.

ती उठून बसली. चूळ भरली. दाढेवरून जीभ फिरवली.

"पडदा का नाही लावलात?"

"तुला गुदमरल्यासारखं झालं असतं."

"दिवा एकदाच वाजला."

तो हत्यारं गोळा करायला लागला. "नवीन माल आलाय. एकदम भरता येतो."

"अहो, माल मागवतं कोण या दवाखान्यात?"

माल तीच मागवायची. अंथरुणातूनसुद्धा फोन करून तीच मागवायची.

"हे वर्षभर टिकेल?" तिने विचारलं.

घरी तो धडधडीत खोटं बोलत आला होता. सुजेबद्दल बोलला होता, औषधांबद्दल बोलला होता. तू पुढच्या वर्षी चढशील टेकडी, असंही म्हणाला होता. पण दाताबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना. उभ्या आयुष्यात ते त्याने केलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला ते चालतंय?"

तो पाठमोराच उभा राहिला. ट्रेमधली हत्यारं त्याने उगाच एका ओळीत लावली, परत विस्कटली.

"त्या विमानवाल्यांना तुम्ही खुर्चीतून उठू दिलं नाहीत," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "म्हणजे माझी दाढ वर्षभर टिकायची गरजच नाहीये. असंच ना?"

तिने पुन्हा विचारलं नाही. ती खुर्चीच्या हातावरचं फाटकं रेक्झिन नखाने खरवडत बसली.

मग म्हणाली, "हे काढा. परत भरा. रबर लावून."

"अगं, दमशील."

"दमू दे. मला इतक्यात मेल्यात जमा करू नका."

त्याने ड्रिल हातात घेतलं. स्वतःच्या हाताने भरलेलं सगळं कोरून काढलं. रबर ताणलं. थुंकी ओढायची नळी तिने सवयीने स्वतःच धरली. आता तिला बोलता येत नव्हतं, नुसते डोळे त्याच्याकडे लावून ती पडली होती. आणि ती बोलू शकत नव्हती म्हणूनच की काय, त्याला बोलता आलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं. किती महिने ते सांगितलं. दिवा धरताना तो गप्प व्हायचा, कारण दिवा हलता कामा नये. दिवा वाजला की पुढचं सांगायचा. लेकीवर रागावू नकोस म्हणाला. मी भित्रा आहे म्हणाला. तुझ्याशिवाय मला घरात चहाचा डबासुद्धा सापडत नाही, म्हणाला. मध्येच त्याचे डोळे भरून आले आणि तो झटकन मागे सरला, पाणी दातात पडलं तर सगळं फुकट. तिच्याही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. त्याने कापसाने ते टिपलं आणि पुढचा थर घातला.

काम नेहमीसारखं झालं, म्हणजे अगदी कासवाच्या चालीने. रबर निघालं. तिने निळा कागद चावला, दात दातावर टेकवून पाहिले.

"आता बरोबर बसलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात कंप नव्हता. मला कळलंय हे लेकीला मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका, हेही तिने बजावलं. त्याला वाटलं, आपल्यापेक्षा हीच जास्त घट्ट आहे.

तो बेसिनशी गेला. ग्लोव्ह्ज काढले, नळ सोडला, आणि हात धुता धुता, आजवर प्रत्येक पेशंटला म्हणत आला तसं, कसलाही विचार न करता म्हणून गेला, "सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा."

नळ वाहत राहिला. त्याला मागे वळायचा धीर होईना.

मागून तिचं हसणं ऐकू आलं. खरोखरच हसली ती, पेशंट पडल्या पडल्या हसायचे तशी. भूल दिलेल्या ओठामुळे ते हसू जरा बोबडं येत होतं. मग तो वळला तेव्हा ती हसत नव्हती. दोन्ही हातांनी तिने खुर्ची गच्च धरली होती.

"मला जायचं नाहीये हो," ती म्हणाली. "मला इतक्यात नाही जायचंय."

ओल्या हातांनीच त्याने तिला जवळ घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.