सगळे आले की

मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. आइस्क्रीम तर दुकानात मिळतं, त्याला पॉट कशाला, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, त्यात तुमचा दोष नाही. बाहेरून मी लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली सागवानी बादली आहे. आत एक उंच डबा, वर फिरवायचा दांडा. डब्यात आटवलेलं दूध ओतायचं, भोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि हात भरून येईपर्यंत दांडा फिरवायचा.

रायपूरला रेल्वेत नोकरी करणाऱ्या पांडुरंगरावांनी मला नागपूरला इतवारीत विकत घेतलं. गाडीत ते मला मांडीवर घेऊन बसले होते. गोंदियापर्यंत माझी ऐट काही विचारू नका. पुढे त्यांच्या पायांना मुंग्या आल्या आणि मला बाकाखाली जावं लागलं.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. थोरली मुलगी देवयानी मावशीकडे दुर्गला गेली असताना घरात आइस्क्रीम झालं. ती परतली तेव्हा डबा रिकामा होता. बोटाने तो पुसून चाटताना ती इतकी रडली की रात्री जेवलीच नाही. पांडुरंगरावांचा जीव कळवळला. ते म्हणाले, "यापुढं घरातलं एक माणूस जरी कमी असन, तं पॉट निघणार नाही."

नियम सगळ्यांना आवडला. सर्वांत जास्त मला आवडला, हे आज कबूल करतो. माझा भाव एकदम वधारला होता.

आणि तेव्हा नियम पाळणं सोपंही होतं. चौघं एकाच छपराखाली राहत होती. मे महिन्यातल्या रविवारी पांडुरंगराव सायकलवर पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणायचे. त्यांच्या पत्नी शांताबाई दूध आटवून त्यात बैगनपल्ली आंब्याचा रस घालायच्या. देवयानी आणि धाकटा रणजित दांड्यासाठी भांडायचे. शेवटी दांडा जड झाला की माझ्यावर घडी केलेलं पोतं टाकून रणजितला बसवायचे, म्हणजे मी जागचा हलत नसे. शेजारचे लोक वाट्या घेऊन यायचे आणि तोंड भरून कौतुक करायचे. ते दिवस आठवले की आजही मला भरून येतं.

देवयानीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. त्या उन्हाळ्यात, ती जायच्या आधी, माझ्यात शेवटचं आइस्क्रीम झालं. रणजित शहराबाहेर उरला इथल्या एका कारखान्यात लागला, त्याच्या पाळ्या सुरू झाल्या. सून आली, चित्रा. नात झाली, शर्मिष्ठा. घरची माणसं वाढत गेली आणि सगळ्यांनी एकत्र येणं अवघड होत गेलं. एका वर्षी नाशिकच्या मुलांच्या परीक्षा, एका वर्षी रणजितची रजा नामंजूर, एका वर्षी तिकीटच नाही. पांडुरंगराव दर एप्रिलमध्ये मला माळ्यावरून काढायचे, पुसायचे आणि जूनमध्ये परत वर ठेवायचे. मला काही वाटत नसे. मी काय रोज चुलीवर चढणारा तवा आहे, असा माझा तोरा होता.

शर्मिष्ठा सहा वर्षांची असतानाची दुपार मला स्पष्ट आठवते. शाळेला सुट्टी, आईबाप कामावर, घरात आजी, आबा म्हणजे पांडुरंगराव, आणि ती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. माझा दांडा रिकामाच फिरवत ती म्हणाली, "आबा, हम लोग ही बना लेते हैं ना."

"आत्या येऊ दे, बाई," आबा म्हणाले. "सगळे आले का मंग काढू."

पुढचे तीन-चार उन्हाळे ती हेच विचारत राहिली आणि आबाही हेच उत्तर देत राहिले. मग तिने विचारणं सोडलं. मला ते जाणवलं होतं, तरी मी निश्चिंत होतो. एक ना एक दिवस सगळे येणार, अशी माझी खात्री होती.

यंदा ते खरोखर आले. शर्मिष्ठा दहावी झाली, जूनमध्ये ती भिलाईला कोचिंगसाठी होस्टेलवर जाणार, म्हणून देवयानी नवरा-मुलांना घेऊन दोन दिवस धावतपळत आली. रणजितनेही सुट्टी काढली. आबांच्या अंगात वारं शिरलं. बर्फ आला, दूध आटलं, अंगणात मला मधोमध मांडलं. शर्मिष्ठा पहिल्यांदाच माझ्यातलं आइस्क्रीम खाणार होती.

दहा मिनिटांत खारं पाणी अंगणभर पसरलं. मित्रांनो, माझ्यासारख्या बादलीला दर वर्षी पाणी लागतं. नाहीतर लाकूड आक्रसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. वीस वर्षं मी कोरडा होतो आणि एक फळी तर उभी चिरली होती. आबांचा खांदाही लवकरच दुखायला लागला. रणजितने दांडा हाती घेतला, पण बर्फ टिकला नाही आणि दूध दूधच राहिलं. कुणी रागावलं नाही. सगळे ते पेल्यातून प्यायले, रणजितने दुकानातून आइस्क्रीम आणलं, देवयानीने माझ्याबरोबर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली.

संध्याकाळी आबा मला पुसत बसले होते. त्यांनी माझ्यावर पोतं घातलं आणि शर्मिष्ठाला म्हणाले, बस बरं एकदा, तुझा बाप बसायचा तशी. ती हसली. "अब मैं बैठूँगी तो ये टूट ही जाएगा, आबा."

आबांनी पोतं काढून घेतलं. मग म्हणाले, "तू होती, मी होतो, तुई आजी होती. तिघं पुरले असते वं. आपण तं रोज घरीच होतो. मी काहून थांबलो, मले समजून नाही राहिलं."

शर्मिष्ठा त्यांच्याजवळ बसली आणि मराठीत म्हणाली, "मी तं तेव्हाच म्हणत होती, आबा."

ज्या नियमाचा मी तोरा मिरवला, त्याच्यापायीच या पोरीचे सगळे उन्हाळे कोरडे गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला आजच खाली काढा आणि पाण्यात भिजत घाला. घरात जितकी माणसं असतील, तितक्यांनीच बसा. जो आला नाही, त्याच्यासाठी एक वाटी काढून ठेवा, पण दांडा फिरवायला त्याची वाट पाहू नका.