ओळखीच्या एक बाई

कायद्याचा सल्ला मागायला आलेला माणूस स्वतःचा प्रश्न कधीच विचारत नाही, हे मला फेलोशिपने शिकवलं. साध्या मराठीतला प्रश्न कॉम्प्युटरला कळावा आणि त्याने नेमका कायदा सांगावा, हे माझं संशोधन. त्यासाठी मी कल्याणच्या एका मोफत सल्ला केंद्रात बसून प्रश्न गोळा केले. ‘माझ्या मित्राला घरमालक बाहेर काढतोय’, ‘शेजारणीला नवरा मारतो’. मित्र आणि शेजारणी संपता संपेनात! माझा शहाणा प्रोग्रॅम सगळ्यांना एकच सांगायचा, तुमचा संबंध नाही, त्यांनाच पाठवा. लेकी बोले सुने लागे, हे त्याला कोण शिकवणार? शेवटी मीच शिकवलं. आता तो समोरच्यालाच उद्देशून उत्तर देतो.

रविवारी डोंबिवलीच्या घरी मी लॅपटॉप उघडला, तशी नीरजाआत्या शेजारी येऊन बसली. आत्याने लग्न केलं नाही. आजोबांच्या याच फ्लॅटमध्ये ती आमच्याबरोबर राहते.

“वल्लरी, याला एक विचार ना. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. वडील मृत्युपत्र न करता गेले. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर, नवं घर माझ्या एकट्याच्या नावावर झालेलं सोपं पडेल. बहिणी करतातच ना गं सही?”

‘ओळखीच्या बाई’ प्रोग्रॅमला झेपतात का, एवढीच मला उत्सुकता. मी भराभर टाइप केलं. उत्तर आलं: ‘वडिलांच्या फ्लॅटमध्ये तुमचा भावाइतकाच वाटा आहे. सही केल्यास तो जाईल. सही झाली आहे, की व्हायची आहे?’

“बघ, बरोब्बर ओळखलं!” मी टाळी वाजवली.

आत्या हसली नाही. तिने चष्मा पुसला आणि उत्तर पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटलाच चालली होती, आणि भाऊ म्हणजे माझे बाबा. मला भयंकर लाज वाटली.

“आता काय लिहू, आत्या?”

“व्हायची आहे, असं लिही.”

तेवढ्यात बाबांनी आतून हाक मारली, “ताई, मंगळवारी सकाळीच निघू हं. सहीचंच काम आहे, पाच मिनिटांत होईल.”

“आनंद, मी येणार नाही,” आत्या म्हणाली. “बाहेर ये. नव्या घरात माझी खोली कुठली, ते आधी सांग.”