ओ. बुबेरे

कौसरने सदऱ्याच्या कॉलरवर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री टेकवली. ओसामाचा फोन शेजारी पलंगावर स्पीकरवर होता. पलीकडून रंजिता बोलत होती, शांतता पुरस्काराच्या आयोजकांपैकी एक. बोलणं मोठं अदबीचं. हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार यंदा ओसामाच्या संस्थेला मिळाला होता. संस्थेचे प्रमुख, एके काळचे राजदूत, तो स्वीकारायला मुंबईत आले होते. आज संध्याकाळी भिवंडी केंद्रातल्या ओसामा आणि दिपाली या दोघांनाही मंचावर जायचं होतं. फक्त एक छोटीशी गोष्ट. पडद्यावर आणि पुकारताना त्याचं नाव ‘ओ. बुबेरे’ असं घेतलं तर चालेल ना? परदेशी पाहुणे असतात, फोटो जगभर जातात. उगाच गैरसमज नकोत.

ओसामा मोजे चढवत होता. चालेल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कौसरची इस्त्री एकाच जागी थांबली होती. तिनं ती झटकन उचलली.

“हो म्हणालास?”

“तूच शिकवलंस की, अम्मी.” त्याच्या आवाजात राग नव्हता.

खोटं नव्हतं ते. नाव सासऱ्यांनी ठेवलं होतं, पैगंबरांच्या एका लाडक्या सहाबींचं, म्हणजे सोबत्याचं. पोरगं तीन वर्षांचं झालं आणि दुसऱ्याच कुणामुळे तेच नाव जगभरच्या टीव्हीवर दिसू लागलं. तेव्हापासून कौसरनं त्याला पढवलं होतं. दवाखान्यात, बसमध्ये, कॉलेजची खोली बघताना कुणी विचारलं तर सामी सांगायचं. ओसामा फक्त घरात. तिचा नवरा अब्दुर्रहमान याला ते कधी पटलं नाही, पण तो दिवसभर कापडाच्या लूमवर असायचा. पोराला घेऊन चार लोकांत वावरायची ती.

हॉटेलच्या सभागृहात तिला मधल्या रांगेत बसवलं. ओसामाला पुढे नेलं. कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून दिपाली तिच्याजवळ येऊन टेकली. ही वडपे गावची मुलगी ओसामाबरोबर काम करायची. गावात किंवा मोहल्ल्यात अफवा उठली की दोघांनी दोन्हीकडे जायचं, लोकांना खरं काय ते सांगायचं, हेच त्यांचं काम.

कौसरनं तिला नावाचं सांगितलं. दिपाली तिच्याकडे वळली. मग म्हणाली, “चाची, गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊक न्हाय वाटतं.”

गेल्या वर्षी हायवेवर भिवंडीच्या निजामपुरा मोहल्ल्यातल्या एका टेम्पोखाली वडप्याचा माणूस सापडला होता. टेम्पो पेटवायला गर्दी जमली होती आणि इकडे निजामपुऱ्यात ड्रायव्हरला मारून टाकल्याचे मेसेज फिरत होते. ओसामा तिथं गेला होता, एवढं कौसरला माहीत होतं. तिथं काय झालं, ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

“आमच्या काळूकाकानं त्याची कॉलर धरली,” दिपाली म्हणाली. “नाव विचारलं. मला वाटलं, आता सामी सांगेल. त्यानं पुरं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. म्हणाला, नावच खोटं सांगितलं तर पुढचं तुम्ही कशाला ऐकाल? मग काकानं हात सोडला, आणि ड्रायव्हरला आम्ही दोघांनी पोलिसांच्या गाडीपर्यंत नेलं.”

दिपालीला पुढून बोलावणं आलं. ती गेल्यावरही कौसर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

मंचावर भाषणं झाली. पडद्यावर हायवेचं चित्र आलं, त्या दुपारचं वर्णन झालं, टाळ्या पडल्या. निवेदकानं दिपालीचं नाव घेतलं. ती वर गेली. मग त्यानं पुकारलं, “मिस्टर ओ. बुबेरे.”

कौसर उभी राहिली.

“ओसामा अब्दुर्रहमान बुबेरे,” ती म्हणाली. “पुरं नाव घ्या.”

ती ओरडली नव्हती. पण तिची सारी हयात घराशेजारच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात गेली होती. तिला माईक लागत नव्हता.

सुटातला एक सुरक्षारक्षक लगबगीनं आला. मॅडम, बसून घ्या, मागच्यांना दिसत नाही, असं हळू आवाजात सांगू लागला. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“नाव घेतलं की बसते.”

ओसामाचा एक पाय मंचाच्या पायरीवर होता. तो वळला. आता हा आपल्याला खाली बस म्हणून खुणावणार, असं तिला वाटलं. पण त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला आणि तिथंच उभा राहिला.

मंचावरच्या त्या वृद्ध राजदूतांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. समोर एक वयस्क बाई उभी आहे एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि तेही उठून उभे राहिले. ते उठले म्हणून मंचावरचे इतर उठले. मंच उठला म्हणून पहिली रांग उठली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. कुणाचा तरी मान राखायचा असावा, असं समजून काहींनी हातसुद्धा जोडले होते.

कडेला उभ्या असलेल्या रंजितानं निवेदकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

निवेदकानं हातातलं कार्ड खिशात घातलं, माईक जवळ ओढला आणि नाव घेतलं. अब्दुर्रहमानवर तो अडखळला. थांबून त्यानं ते पुन्हा नीट म्हटलं. शेवटचं बुबेरे येईपर्यंत कौसर ऐकत होती. ओसामा पायऱ्या चढू लागला.

तेव्हा ती बसली. सभागृह अजून उभंच होतं.