फुटामागे दोन सूत

“माझ्या सायकलची चेन आणि माझं माप, वीस वर्षांत सुताएवढंही हललेलं नाही,” झुलाल टेलर म्हणाला. म्हणाला तेव्हा तो पांझरेच्या पुलाअलीकडे, तोताराम सायकलवाल्याच्या दुकानात एका पायावर उभा होता, कारण दुसऱ्या पायाची पँट त्याच चेनमध्ये अडकली होती.

पाचव्या गल्लीतल्या त्याच्या दुकानापासून तिथवर चेन चार वेळा उतरली होती. हँडलला पिशवी, पिशवीत नवरदेवाचा सूट. लग्न त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर, पुलापलीकडे देवपुरात. नवरदेवाचा बाप रतिलालनाना म्हणजे चालताबोलता छापखाना. सूट बसला तर अख्खं देवपूर झुलालकडे, फसला तर झुलालने दुकानाला कुलूप लावावं आणि दोंडाईच्याला सासुरवाडीत जाऊन राहावं.

तोतारामने पँट सोडवली आणि चेन पायडलजवळच्या दातेरी चाकावरून बोटाने उचलून पाहिली. ती आरामात वर आली.

“चेन वाढेल शे, भाऊ. बदलनी पडी.”

झुलालला हसू आलं. वाढायला ती काय दुधी भोपळा आहे? तोतारामने समजावलं की लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि कडीकडीत केसभर फट पडत जाते. नव्या चेनच्या चोवीस कड्या म्हणजे बरोब्बर बारा इंच. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढली की बदलायची. दोन सूत वाढली की ती मागच्या फ्रीव्हीलचे दातेही खाऊन बसते.

झुलालने गळ्यातली टेप ओढली आणि कड्या मोजल्या. चोवीस कड्या, बारा इंच, ना कमी ना जास्त. त्याने टेप तोतारामच्या नाकाखाली धरली. तोतारामने स्टीलची पट्टी काढली. बारा इंच दोन सूत. दोघांनी परत मोजलं. मग तोतारामने टेप पट्टीला लावून ठेवली. टेपचा फूट पट्टीच्या फुटाहून दोन सूत लांब भरला.

“चेन नि टेप, दोन्ही जुळ्या बहिनी शेतस,” तोताराम म्हणाला.

झुलालने बोटांवर हिशोब मांडला. फुटामागे दोन सूत, म्हणजे नवरदेवाच्या चाळीस इंची छातीला पाऊण इंचावर घोळ. पँटची उंची वेगळीच. तोतारामने चेन आणि फ्रीव्हील बदललं. सायकल लोण्यासारखी पळायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा झुलालला वाटलं, आत्ता चेन उतरली तर बरं होईल.

उतरली नाही. मांडवात वीसेक पाहुण्यांसमोर नवरदेव भटूने सूट चढवला. झुलालने डोळे मिटून घेतले.

“वा रे झुलाल,” नाना म्हणाले, “पोराच्या अंगावरच शिवला का काय?”

झुलालने एक डोळा उघडला. खांदे जागेवर, बाही मनगटावर, पँट बुटावर. तो होता तिथेच मटकन बसला. तिथे अक्षतांचं ताट होतं. तेही कोणी मनाला लावून घेतलं नाही. त्याला पाच लाडू खाऊ घातले. बँडमास्तर पुनाच्या अकरा वाजंत्र्यांची कोटांसाठी घेतलेली मापं झुलालच्या वहीत आठवडाभर पडून होती, त्या कोटांचंही काम पुनाने तिथल्या तिथे पक्कं केलं.

घरी येऊन त्याने बायकोला, मंजुळाबाईला, सगळा चमत्कार सांगितला. देवानेच राखलं म्हणाला. ती तांदूळ निवडत होती.

“देव कसाले? तीच टेप माप लेवाले, तीच टेप कापाले. मंग बठ्ठं बराबरच शे ना.”

“तेच तर म्हणतोय मी,” झुलाल म्हणाला. त्याला कळलं इतकंच, की आपण वाचलो. तो पाय ताणून दोन तास घोरला. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुनी टेप चुलीत घातली, बाजारातून कोरी करकरीत टेप आणली, पट्टीला लावून तीनदा तपासली आणि वहीतली जुनीच मापं बघून अकरा कोट कापले.

पुढच्या सोमवारी अमळनेरच्या वरातीत पहिल्या गाण्याला वाजंत्र्यांनी छाती भरून श्वास घेतला. चौतीस बटणं तुटली. त्यातली एकोणतीस सापडली.